पवनचक्क्यांनी गादीस पाठ दिली त्याची हकिकत

श्री वायुदेव चारी दिशांनी प्रसन्न असोत, निदान एका दिशेने तरी असोतच. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढमासी पठारावर जे वर्तमान जाहले ते जसे पाहिले, ऐकिले तसे लिहिले आहे, पदरचे मीठ बेतानेच घातले आहे. राज्याचे नाव लिहावे म्हणोन परवानगी मागितली, ती अद्याप आली नाही, सबब नाव लिहिले नाही. तर त्या राज्याची राजधानी पूर्वेस टेकाडावर, आणि तिच्या पश्चिमेस रयतेचे उघडेबोडके पठार, आणि वारा म्हणाल तर ज्येष्ठ लागला की भाद्रपद सरेतो पश्चिमेचाच, हे तेथील शेळीलाही ठाऊक. श्रीमंत सरकारांनी राजवाड्यापुढे सात रंगांचे कारंजे बांधविले, आणि ते थुईथुई नाचू लागले तसे पठारावरील दिवे माना टाकू लागले, आणि होता होता पठाराच्या वाट्यास दिवसाकाठी दोन तास वीज उरली, तीही टळटळीत दुपारी, जेव्हा दिव्याचे काही काम नाही. रयत कुरकुरली. मग हुजुरातून हुकूम जाहला की, रयतेने उठल्याबसल्या सरकारच्या तोंडाकडे पाहू नये, वारा ईश्वराने फुकट दिला आहे, तरी घरोघर लहान पवनचक्की उभारून ज्याने त्याने आपापली वीज करावी आणि स्वावलंबी म्हणवून घ्यावे. हा हुकूम कर्ण्यावरून वाचला जात असता मध्येच वीज गेली, आणि उरलेला हुकूम दवंडीवाल्याने घसा ताणून सांगितला.

पठारावर दौलू सुतार म्हणोन एक कसबी मनुष्य होता. त्याने मोडक्या मोटारींतले डायनामो आणिले, आणि पाण्याचे जाड पाइप उभे चिरून त्यांची पाती केली, आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागे शेपूट लाविले, आणि ते सगळे बारा हात खांबावर चढवून खाली जुनी बॅटरी जोडिली, मग घरात दिवा लागला. शेपटाचे काम काय म्हणोन कोणी पुसले तर दौलू सांगे, "वारा शेपटाला ढकलतो, शेपूट चक्कीला वळवतं, आणि चक्कीचं तोंड आपसूक वाऱ्याकडं होतं. शेपूट अडकलं की खेळ खलास. मग त्या खांबावर धुणं वाळत घाला." ऐशा साठ चक्क्या पठारावर उभ्या राहिल्या, घरोघर उजेड पडला, आणि नवराबायको रात्रीच्या जेवणात एकमेकांची तोंडे पाहून, बरे दिसतो की आपण, ऐसे बोलू लागली.

त्या साठांतली एक चक्की गोजराबाई पिसाळ यांची. बाई विधवा, अंगाने काटकुळ्या, जिभेने खणखणीत, आणि त्यांच्या पदरी नखशिखांत काळ्या गावरान कोंबड्यांचा कळप होता, सासूच्या सासूपासून चालत आलेला. गेल्या फाल्गुनात मानमोडीचा रोग आला आणि चार दिवसांत खुराडे रिकामे जाहले, कोंबडासुद्धा वाचला नाही. त्याच अवलादीच्या चार कोंबड्या बाईंनी पूर्वी माहेरी भावास दिल्या होत्या, त्यांची वाढून बरीच झाली होती, परंतु ज्येष्ठ सरता सरता रोग तिकडेही सरकला, तेव्हा भावाने आधीच बाजूस काढलेली एकशेवीस अंडी भुशात घालून पाठविली आणि निरोप दिला की, "ताई, एवढीच राहिली. ही गेली तर आपली काळी कोंबडी पुन्हा दिसायची नाही." आता अंडी आहेत, पण त्यांजवर बसावयास खुडूक कोंबडी एकही नाही. मग दौलूने लाकडी पेटी करून आत दोन दिवे बसविले, दिव्यांची ऊब एकवीस दिवस अखंड राहिली की पिले निघावयाची, आणि ती ऊब चक्कीवर. आषाढ शुद्ध तृतीयेस बाईंनी अंडी मांडिली, एकेकावर कोळशाने टिकली काढिली, आणि दिवसातून तीन वेळा एकशेवीसही अंडी हाताने उलटविण्याचा नेम धरिला. आठवे दिवशी एक अंडे दिव्यापुढे धरून पाहिले तो आत तांबड्या शिरांचे जाळे आणि मध्ये एक ठिपका, आणि तो ठिपका हलला. बाईंचे डोळे भरून आले. नवरा गेल्यापासून घरात आपल्याखेरीज कोणी हलले नव्हते, तेव्हा आनंद जाहला तो सांगावा कोणास हे न कळून त्यांनी तो त्या अंड्यासच सांगितला.

इकडे राजधानीत काय जाहले, तर सरकारांस परमुलखातून एक दुर्बीण नजर आली. सरकार ती घेऊन सज्जात उभे राहिले, आणि पठाराकडे पाहतात तो साठ शेपटे आपल्याकडे. आता या राज्याची रीत ऐसी की, गादीस कोणी पाठ देऊ नये. दरबारातून निघणाराने मागे मागे चालत निघावे, तोंड गादीकडेच. मुदपाकखान्याचा एक आचारी तसाच मागे चालत जाऊन कढीच्या पातेल्यात बसला परंतु पाठ दिली नाही, त्याचा पुढे शालजोडी देऊन सत्कार जाहला, शाल पांघरता येईना ही गोष्ट वेगळी. या रीतीची राखण करणारे विसाजीपंत, मानपानाचे कारभारी, यांचे काम इतकेच की कोणी किती वाकले ते पाहणे, आणि ते स्वतः इतके वाकत की त्यांस सरकारांचे मुख पाहून बारा वर्षे जाहली होती, जोडे मात्र नीट ओळखीत.

सरकार बोलिले, "पंत, त्या चक्क्या आम्हांस पाठ का देतात?"

ठाऊक नाही ऐसे म्हणण्याची चाल पंतांच्या घराण्यात नव्हती. ते म्हणाले, "बेअदबी, सरकार."

मग दौलू सुतारास बोलाविले. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, वारा पश्चिमेचा आहे. चक्कीनं वाऱ्याला तोंड दिलं नाही तर ती फिरत नाही." पंत म्हणाले, "वाऱ्याने कोठून यावे हा वाऱ्याचा प्रश्न. चक्की सरकारच्या हुकुमाने उभी राहिली, तिने रीत पाळिली पाहिजे." आणि त्याच दिवशी हुकूम निघाला की, साठही चक्क्यांची तोंडे गादीकडे, म्हणजे पूर्वेस वळवून, खांबाच्या गळ्याशी भोक पाडून लोखंडी खीळ मारावी, पुन्हा हलता कामा नये.

खिळी मारण्याची कामगिरी सुभानजी पिसाळ याजकडे आली. हा गोजराबाईंचा चुलत दीर, सरकारी शिपाई, स्वभावाने गरीब. त्याने पहिली खीळ स्वतःच्या घरच्या चक्कीस मारिली, तेव्हापासून बायको त्याजशी बोलत नव्हती, आणि मग हातोडा घेऊन तो गोजराबाईंच्या दारी आला.

"वहिनी, हुकूम आहे."

"भावजी, वारा तिकडनं येतोय."

"मला का कळत नाही? टोपी दोनदा उडाली माझी. पण हुकूम तोंडाचा आहे, वाऱ्याचा नाही."

"अंडी दहाव्या दिवसात आहेत. आणखी अकरा दिवस कळ काढा. मग चक्कीला काय, मला खीळ मारा, मी हूं की चूं करायची नाही."

सुभानजीने मागे वळून पाहिले. तेथे पंतांची दोन माणसे उभी होती. मग तो खांबावर चढला, चक्कीचे तोंड पूर्वेस केले आणि खीळ मारिली, परंतु एकेक घाव इतका हळू घातला की एका खिळीस अर्धी दुपार गेली. चक्कीच्या पाठीवर वारा आपटू लागला, पाती करकरली, आणि थांबली. बॅटरीत होती तेवढी ऊब दुसरे दिवशी सकाळपर्यंत पुरली, मग बाईंनी शेगडी पेटविली, आणि बाटल्यांत ऊन पाणी भरून त्या अंड्यांच्या मध्ये निजविल्या, आणि पेटीवर आपली गोधडी घातली, आणि दुपारचे दोन तास सरकारी वीज येई तेवढ्यात दिवे लावून घेतले. झोप म्हणोन नाही. गोधडीत हात घालून बसावे, बाटली निवली की बदलावी, पाणी तापवावे, पुन्हा बदलावी. शेजारणी म्हणाल्या, "गोजरा, तूच खुडूक झालीस की गं." बाई म्हणाल्या, "पंख नाहीत एवढंच."

साठ चक्क्या उभ्या, आणि पठारावर अंधार. तो अंधार दुर्बिणीतून दिसेना, म्हणोन सरकारांनी पुसले की पठार कोठे गेले. तेव्हा पंतांनी वाऱ्याची चौकशी बसविली. चौकशीत निघाले की, चक्क्या निर्दोष, खिळी निर्दोष, सुतार थोडा दोषी, आणि वारा हाच काय तो हट्टी. मग वाऱ्याच्या नावे नोटीस लिहिली की, तुम्ही पूर्वेकडून वाहण्याचे करावे, कसूर केल्यास मुलाहिजा होणार नाही, आणि ती पश्चिमेच्या हद्दीवर एका खांबास डकविली. वाऱ्याने ती अर्ध्या घटकेत उपटून थेट राजवाड्याच्या कारंज्यात आणून टाकिली. पंतांनी खाली शेरा मारिला की, वाऱ्याने कागद जातीने हुजुरात पोचता केला, सबब नोटीस बजावली गेली. इतके जाहले, वारा पश्चिमेचाच.

मग सरकार म्हणाले, आम्ही जातीने पठारावर येऊन चक्क्या पाहतो, पौर्णिमेनंतर पाचवे दिवशी. पंतांच्या पायांखालची वाळू सरकली. चक्क्या गादीकडे तोंड करून आहेत खऱ्या, परंतु फिरत नाहीत, आणि न फिरणाऱ्या चक्कीस सरकार काय म्हणतील? पंतांनी दौलूस गाठून पुसले, "वाऱ्यावाचून चक्की फिरते काय?" दौलू साधा माणूस, कसबाचे कोणी पुसले की त्याची जीभ सुटे. तो म्हणाला, "उलटी वीज सोडली तर फिरेल की, पंख्यासारखी." बोलून गेला आणि मग जीभ चावली. पंतांनी लगेच हुकूम काढिला की, पठाराची दोन तासांची वीज कोणी घरात घेऊ नये, ती साठ चक्क्या फिरविण्याकडे लावावी आणि आजपासून रोज रंगीत तालीम करावी. चक्की कशास, तर वीज व्हावी म्हणोन, आणि वीज कशास, तर चक्की फिरावी म्हणोन, ऐसा कारभार चालू जाहला, आणि दुपारी साठ चक्क्या गादीकडे तोंड करून ऐटीत फिरत, आणि खाली घराघरांत पंखा बंद. गोजराबाईंचे तेवढे दोन तासही गेले.

अंड्यांचा तेरावा दिवस. बाईंनी एक अंडे उचलून गालास लाविले, तो ते गार. दुसरे लाविले, ते कोमट. पेटीच्या कडेची सगळी गार, मधली तेवढी कोमट. बाई मटकन भिंतीशी बसल्या आणि पंतांच्या सात पिढ्या उद्धरू लागल्या, आणि उद्धरता उद्धरता त्यांची दृष्टी समोरच्या भिंतीवर गेली. तेथे सरकारांची छबी टांगलेली, पत्र्यावर छापिलेली, हातभर लांब. सरकारांच्या वाढदिवसास अशी एकेक छबी घरोघर वाटिली होती, आणि पंतांनी दारोदार बजाविले होते की, जेथे सरकारांची छबी तेथे सरकारांची गादी, कोणी तिजपुढे पाय पसरू नयेत. सुभानजी तर बाईंच्या स्वयंपाकघरातून मागे मागे चालत निघे आणि दर खेपेस पाण्याच्या हंड्यावर आपटे. बाईंनी त्या पत्र्याकडे पाहिले, आणि बाहेर चक्कीच्या शेपटाकडे पाहिले, तेही पत्र्याचेच, तेवढेच. मग उठल्या, छबी भिंतीवरून काढिली, पदराने पुसली, आणि दौलूस हाक मारिली.

दौलू ऐकून घाबरला. "काकी, डोकी उडतील आपली."

"उडू देत. आधी हे बसव, मग उडू देत. शेपटाला दुसरं अंग पण आहे, तुझ्या घरची छबी आण."

"बायको म्हणेल भिंतीला डाग दिसतोय."

"तिला म्हणावं, अंधारात कसला डाग दिसतोय?"

दौलूने खांबावर चढून शेपटाच्या दोन्ही अंगांस सरकार बसविले, रिबिटा ठोकिल्या, आणि खीळ उपसली. चक्कीने एक गिरकी घेतली, वाऱ्यास तोंड दिले, पाती घुमू लागली, आणि पेटीतले दोन्ही दिवे लागले. बाईंनी पेटी बंद केली आणि दारातच पाट टाकून बसल्या, कारण आता कोण येणार ते ठाऊक होते.

एकोणसाठ चक्क्या एकीकडे आणि एक दुसरीकडे, हे दुर्बिणीवाचूनही दिसे. घटकाभरात विसाजीपंत धापा टाकीत आले, मागे सुभानजी हातोडा घेऊन. पंत म्हणाले, "बाई, ही चक्की गादीस पाठ देते."

"गादी कुठं आहे, पंत?"

"राजवाड्यात. आणखी कोठे?"

"छबी तिथं गादी, असं तुम्हीच माझ्या उंबऱ्यात उभं राहून सांगितलंत. छबी तर चक्कीवर बसलीय. बघा मान वर करून."

पंतांनी बारा वर्षांत प्रथमच मान वर केली, आणि सरकारांचे मुख पाहून क्षणभर, हे कोण, ऐसे त्यांस वाटले. मग सावरून म्हणाले, "परंतु छबी मागे, चक्कीचे तोंड पुढे. म्हणजे ती छबीसच पाठ देते. हे तर अधिक वाईट."

"दसऱ्याला सरकार हत्तीवर बसतात. तेव्हा हत्तीचं तोंड पुढं असतं का सरकारांकडं?"

पंत हत्ती आठवू लागले.

"हत्ती सरकारांना पाठच देतो, आणि त्या पाठीवर सरकार बसतात. त्याला खीळ मारलीत का कधी? उलट गूळ चारता."

"छबी उतरवा," पंत कसेबसे म्हणाले.

"उतरवते. तेवढं लेखी द्या, सरकारांना गादीवरनं खाली उतरवा म्हणून, आणि खाली तुमची सही करा."

पंतांचा हात लेखणीकडे जातो जातो तो परत फिरला. ते म्हणाले, "मग खीळ तरी मार, सुभानजी."

"मारा, भावजी," गोजराबाई म्हणाल्या, "सरकारांना जागचे हलू देऊ नका."

सुभानजीने हातोडा पाटाशेजारी ठेविला आणि म्हणाला, "पंत, आपणच मारा. मला पोरंबाळं आहेत." पोरेबाळे पंतांसही होती. ते मागे मागे चालत निघाले, आणि वळणावर बाभळीत गेले.

सरकारांची स्वारी ठरल्या दिवशी आली. गोजराबाईंच्या दारी सरकार थांबले, वर पाहिले, तो आपणच आभाळात बसून इकडून तिकडे वळतो आहोत, आणि आपण वळलो की चक्कीही वळते. पुसले, "हे काय?" पंत पुढे होऊन म्हणाले, "सरकार मागे बसून दिशा देतात, चक्की आज्ञा पाळते. ही सेवकाची अल्प कल्पना." मर्जी बहुत खुश जाहली. हुकूम जाहला की, साठही चक्क्यांवर छबी बसवावी आणि जेथे छबी तेथे खीळ नसावी. विसाजीपंतांस शिरपाव मिळाला. खिळी काढावयास सुभानजीस अर्धा दिवसही लागला नाही, आणि पठार पुन्हा उजळले. पुढे भाद्रपद सरला तसा वारा चाळवला, दिवसातून दहादा दिशा बदलू लागला, तेव्हा सरकार सज्जातून पाहून जरा कष्टी जाहले आणि म्हणाले, "पंत, आम्ही वारा येईल तसे फिरतो की काय?" पंत म्हणाले, "छे, सरकार स्थिर आहेत. राज्य आपल्याभोवती फिरते आहे." सरकारांनी दुर्बीण मिटली.

आता अंड्यांचे. एकविसावा दिवस उजाडला आणि मावळला, पेटीत काही नाही. बाविसावा गेला. दौलू येऊन म्हणाला, "काकी, गारठा बसला त्यांना. आता आशा नको." बाईंनी दिवे तसेच ठेविले. तेविसावे दिवशी सकाळी सुभानजी टोपी हातात घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत यावयाचे धाडस होईना. एवढ्यात पेटीतून टक्, ऐसा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा टक्. बाईंनी झाकण उचलिले तो कोळशाच्या एका टिकलीखाली तडा गेलेला, आणि तड्यातून काळी चोच. बाई तोंडात पदर घालून रडल्या, पोटभर रडल्या. संध्याकाळपर्यंत एकतीस पिले निघाली, ओली, काळी, चिवचिवती. बाकीची एकोणनव्वद निघाली नाहीत. ती बाईंनी पाटीत भरून खांबाच्या बुडाशी पुरिली, सुभानजीने खड्डा खणिला.

माती लोटता लोटता तो म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी खीळ मारली नसती तर?"

"तर दुसऱ्यानं मारली असती," बाई म्हणाल्या. "तुम्ही निदान हळू मारलीत."

एवंच, या प्रकरणी सरकारच्या दफ्तरात लिहिले आहे की, हुजुरांच्या छबीच्या प्रतापे पठारावर वीज जाहली आणि पिसाळ बाईंची एकतीस पिले निघाली. एकोणनव्वदांचा मजकूर तेथे नाही, ती मानपानात गेली, म्हणोन येथे लिहिला. पिले आता मोठी होऊन अंड्यांवर आली आहेत, काळी अवलाद राहिली. सकाळी बाई दाणे टाकितात आणि ती सगळी वाड्याकडे, गादीकडे, वर फिरणाऱ्या छबीकडे, सगळ्यांकडे शेपट्या करून दाणे टिपतात, आणि त्यांस खीळ कोठे मारावी हे अद्याप विसाजीपंतांस सुचलेले नाही.